आबांची खोली, आमची अळंबी

किस्से काही ठरवून घडत नाहीत हो! अळंबीच्या पिशव्यांना पाणी मारायला चार-पाच बायका एका खोलीत शिरल्या, की हात कामाला आणि तोंड मोकळं. वीस मिनिटांचं काम, बाहेर यायला दीड तास! आमचे हे विचारतात, "तिथं अळंबी उगवते का नुसत्या गप्पा?" मी म्हणते, दोन्हीचं पीक जोरात आहे.

आधी खोलीचं सांगते, कारण सगळं तिच्यावरच अडलेलं. पिंपळवंडीत आमच्या घरामागं एक कौलारू खोली आहे, माझ्या सासऱ्यांची, म्हणजे आबांची. मी ती बचत गटासाठी मागितली. आबा पक्के माळकरी, आणि अळंबीला त्यांच्या तोंडी एकच नाव, कुत्र्याची छत्री! म्हणाले, "भाऊबीजेपर्यंत घ्या. दुसऱ्या दिवशी मी सोता आत येऊन बघणार. पीक उभं दिसलं तर खोली तुमची, न्हाईतर माझ्या ट्रॅक्टरची औजारं आत!" तोवर त्या दाराशीसुद्धा यायचं नाही असं त्यांनी ठरवलं. मला असा राग आला म्हणून सांगू! म्हटलं, बघाच आता.

*

पहिली मीटिंग माझ्या ओट्यावर. कोणती अळंबी लावायची? मी मोबाइलवर वाचून दाखवत होते. बटन मशरूम सगळ्यांना माहीत, हॉटेलात तेच असतं. म्हटलं, "पण त्याला थंडावा लागतो. एसी बसवायला लागेल."

शोभाकाकू आमच्या गटाच्या अध्यक्ष. वय साठ, आवाज लाऊडस्पीकरचा. त्या उठूनच उभ्या राहिल्या. "चाळीस वर्षं संसार केला, नवऱ्याला कधी एसी लावला न्हाई. छत्रीला लावू व्हय?"

बटन तिथंच बाद! आपल्या हवेत, भुशावर येणारी धिंगरी एकमतानं पास.

*

धिंगरीत पण रंग निघाले. पांढरी, करडी, गुलाबी. झालं! एवढ्या बायका आणि रंगांचे फोटो! साडीच्या दुकानात बसल्यागत मोबाइल या हातातून त्या हातात. "गुलाबी लई गोड दिसतीय गं!" शेवटी निम्म्या पिशव्या गुलाबी.

आली पण अशी देखणी, की बघायला शेजारची गल्ली लोटली. मग शोभाकाकूंनी मोठ्या थाटात भाजी केली. झाकण काढलं, तर गुलाबी रंग गायब! सगळं फिक्कट.

काकू कढईकडं बघतच राहिल्या. "कपडा असता ना, तर आत्ताच्या आत्ता दुकानदाराच्या तोंडावर मारून आले असते!"

चव मात्र अशी, की कढई पुसून खाल्ली.

*

आमच्या गटातल्या हिराबाईची ओळख करून देते. घोडेगावला एसटी बदलून वर डोंगरात जावं लागतं, तिथली ही. आता आमच्या गावात राहते. बोलते कमी, पण भुसा उकळणं, निथळणं, पिशवीत बियाण्याचे थर देणं, सगळ्यात हात पक्का. "हात धुवा, मग शिवा," हा तिचा कायदा. कुणी विसरलं की पिशवीत हिरवी बुरशी, आणि हिराबाईची नजर! नजरेपेक्षा शिव्या परवडल्या.

तर पहिल्या पिशव्या भरल्या त्या दिवशी शोभाकाकूंनी पूजा काढली. हळदकुंकू, नारळ इथपर्यंत ठीक. पण उदबत्ती खोचायला जागा सापडेना, म्हणून खोचली की थेट पिशवीत! एक नाही, सगळ्यांत एकेक! मी तर कपाळावर हात मारून घेतला. म्हटलं, गेलं सगळं बियाणं.

पंधरा-वीस दिवसांनी बघतो तर पहिले कोंब कुठून? बरोबर उदबत्तीच्या भोकांतून! हिराबाई पिशवी फिरवून म्हणाली, "भोकं पाडायचीच व्हती. काकूंनी देवाच्या नावानं पाडली."



*

यश डोक्यात गेलं आणि आम्ही औषधी अळंबीकडं वळलो. गॅनोडर्मा! लाकडाच्या भुशावर येतो, तांबूस, चकचकीत, वार्निश मारल्यासारखा. फोटो टाकला आणि फोनच फोन. "शुगर जाती का? गुडघा थांबतो का?" मी सगळ्यांना एकच सांगितलं, "ते डॉक्टरला विचारा. आम्ही नुसतं पिकवतो."

वाळवून, कुटून त्याचा काढा करतात, हे मी दोनदा सांगितलेलं. पण शोभाकाकूंनी एक अख्खा घरी नेला आणि कुकरला लावला. दहा शिट्ट्या झाल्या, तरी सुरी आत जाईना. दुसऱ्या दिवशी तोच माझ्यापुढं आपटून म्हणाल्या, "हे औषध खायला आधी दात नवे बसवायला लागतील!"

*

संकष्टीला ओझरच्या गणपतीला निघालेल्या गावातल्या दोघी खोलीच्या दारात थांबल्या. "अळंबी उपवासाला चालती का हो?" झाला वाद सुरू! एक म्हणे फळ, एक म्हणे भाजी, शोभाकाकू म्हणाल्या, "धान्य तर न्हाई ना? मग चालतं!"

हिराबाई कोपऱ्यात पिशवी बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "आमच्याकडं आखाडात घरात काय नसायचं. तवा रानातली हीच खायचो. पर त्याला कुणी उपवास म्हणत नव्हतं."

काकूंनी गुपचूप तिच्या हातातली सुतळी घेतली आणि तिच्याशेजारी बसून पिशव्या बांधायला लागल्या.

*

आता दिवाळीचं. नारायणगावात स्टॉल लावला आणि काय सांगू, ताजी, वाळवलेली, लोणचं, सगळा माल साफ! नाचत घरी आलो. आणि खोलीचं दार उघडल्यावर मी उंबऱ्यातच थांबले. विकण्याच्या नादात आम्ही शेवटची काडीसुद्धा काढून नेली होती! जुन्या पिशव्या संपलेल्या, नव्यांत बियाण्याचं नुसतं पांढरं जाळं धरलेलं. कोंब एक नाही. आणि भाऊबीज दोन दिवसांवर!

"पीक विकलं म्हणून आबांना सांगू की," काकू म्हणाल्या.

मी म्हटलं, "ते उभं पीक म्हणालेत. शब्द म्हणजे शब्द."

दोन दिवस आम्ही पाणी मारत होतो आणि पिशव्यांकडं डोळे फाडून बघत होतो. काही नाही. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमचे हे ट्रॅक्टर घेऊन आले, मागं माती फोडायचा रोटाव्हेटर जोडलेला. माझ्याकडं बघायची हिंमत नव्हती त्यांची. ट्रॅक्टर रिव्हर्स घेत दाराला लावला. आम्ही सगळ्या भिंतीला टेकून उभ्या. माझे डोळे भरून आलेले. शोभाकाकूंनी तर दाराकडं बघून हातच जोडले!

आबा चपला काढून एकटेच आत गेले.

एक मिनिट झालं, दोन झाली. आमचे हे ट्रॅक्टरवर इंजिन चालू ठेवून बसलेले. पाच मिनिटं झाली. मला राहवेना, मी दारातून डोकावले. आबा पार शेवटच्या रांगेत, उकिडवे बसलेले, चष्मा कपाळावर, नाक पिशवीला टेकलेलं. पिशवीच्या खालच्या भोकात टाचणीच्या डोक्याएवढे चार-पाच ठिपके!

आबा ताडकन उठले, तरातरा दारात आले आणि आमच्या ह्यांच्यावर असे ओरडले, की अख्ख्या गल्लीनं ऐकलं.

"बंद कर ते धुराडं! पीक निघालंय आत, दिसत न्हाई व्हय तुला? घे मागं ट्रॅक्टर! आन् सूनबाई, दार लाव आधी!"