तब्येत सुधारली

मोठ्या शहरातल्या चार फॅशनेबल मैत्रिणींचा तो सिनेमा माझ्या बायकोने तिच्या तीन मैत्रिणींबरोबर पाहिला होता. दुसरा भाग आला की चौघींनी मिळूनच बघायचा, असं त्यांनी तेव्हाच ठरवून टाकलं. आता दुसरा भाग आला. मी ट्रेलर पाहिला. सव्वादोन मिनिटांत सव्वीस पोशाख मोजले, कामावर जाताना मात्र एकही नायिका दिसली नाही. पण इथे पनवेलमध्ये मैत्रिणी तीनच उरल्या होत्या आणि चौथी माझ्यामुळे दुरावली होती.

ती आमच्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर राहते, आम्ही दुसऱ्या. महिन्यापूर्वी तिच्या शेजारी बारसं होतं. त्याला ती नवा निळा वन-पीस घालून आली. मी मनापासून म्हणालो, "वा वहिनी, तब्येत सुधारली!"

पाळण्याचं गाणं मध्येच थांबलं. बाईला 'तब्येत सुधारली' म्हटलं की आपल्याकडे त्याचा अर्थ एकच, जाड झालीस. हे मला पन्नासाव्या वर्षी कळलं. तिने बायकोशी बोलणं टाकलं आणि चौघींच्या ग्रुपमधूनही ती बाहेर पडली.

तिकिटं काढायच्या दिवशी कोन गावची मैत्रीण आमच्या सोफ्यावर येऊन बसली. "आमी जाऊ तर चौघी, नाय तर सिनेमा गेला उडत. भावजी, तोंड तुमचं, तुमीच निस्तरा."

बायको रागावली नाही, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. "अहो," ती म्हणाली, "लग्न होऊन पनवेलला आले तेव्हा पहिली ओळख तिची झाली. तीन तिकिटं मी काढणार नाही."

मी वर गेलो. दार तिनेच उघडलं, पण साखळी काढली नाही.

"आणखी काही सुधारलंय का माझं?"

"वहिनी, मला वजनातलं कळत नाही. तुम्ही डेंग्यूतून उठलात तेव्हाही लिफ्ट बंदच होती. चार मजले चढताना तुम्ही तीनदा बसायचात. एकदा आमच्या दारात पाणी मागितलंत. बारशाच्या दिवशी तुम्ही बाहेरून आलात, मी तुमच्या मागेच होतो. एकदाही थांबला नाहीत. मला तेवढंच म्हणायचं होतं."



"तीनदा बसायचे, हे मोजलंत?"

"मोजलं."

"आमच्या ह्यांना एकदाही दिसलं नाही." साखळी निघाली. "आत या. आणि वन-पीसचं काय? तो कसा होता?"

"जिना चढायला त्याची अडचण होत नव्हती."

ती इतकी हसली की खालून बायको धावत वर आली. मग त्या दोघी बोलत बसल्या आणि मला चहा कुणीच विचारला नाही.

रविवारी चौघी आमच्या दाराशी जमल्या. नवरात्रातला रंग ठरवावा तशा ठरवून सगळ्या निळ्या. वरची माझ्यासमोर गर्रकन फिरली.

"बोला भावजी, कशी दिसतेय?"

बायकोने मागून माझी बाही धरली.

"शो पाचचा आहे, वहिनी," मी म्हणालो. "आणि रिक्षा खाली उभी आहे."

"शिकला गो!" कोनची ओरडली, आणि चौघी जिना उतरायला लागल्या.