रेघ बघून आवाज लावणारे तात्या

तात्या कुणाच्याही घरात शिरले की चपला काढायच्या आधी एक टाळी वाजवायचे. मोठी, कोरडी, एकच. मग मान तिरकी करून वर बघायचे आणि म्हणायचे, "पत्रा आहे, आवाज फुटणार," नाहीतर, "कौलं आहेत, बरं आहे." एकदा मयताच्या घरी भेटायला गेले, तिथेही टाळी. आतून सून धावत आली, तिला वाटलं कोणी बोलावतंय. आमच्या ह्यांनी बाहेर आल्यावर त्यांना झापलं, तर म्हणाले, "तेराव्याला इथे भजन असणार ना. मग बघून ठेवायला नको?"

आमचं गाव रत्नागिरीहून मालगुंडकडे जाताना लागतं. मी लग्न होऊन आले तेव्हापासून गावात जिथे माईक तिथे तात्या. लग्न, सत्यनारायण, आणि मुख्य म्हणजे शिमग्याचं नमन. देवळापुढच्या जांभ्याच्या चौथऱ्यावर, म्हणजे सहाणेवर, पालखी बसते आणि तिच्यापुढे मृदंग-झांजांवर गाणी आणि सोंगं होतात. त्या नमनाला दुसऱ्या कोणाचा कर्णा लागलेला मी पाहिला नव्हता. पण अलीकडे लोक कुजबुजायला लागले होते. तात्यांचा आवाज कानात सुया टोचल्यासारखा लागतो म्हणत. बायका पुढे बसेनात. गावकर दत्ताराम, म्हणजे शिमग्याचा मान ज्याच्याकडे आहे आणि जो नमनात मृदंगही वाजवतो, तो चारचौघांत बोलून गेला, "यंदा बघू, पुढच्या खेपेला शहरातनं साउंड आणू." ते तात्यांच्या कानावर गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते आमच्या ओटीवर. टाळी वाजवली. परत वाजवली. मग तिसऱ्यांदा. मला वाटलं, वय झालं, विसरतात.

"वहिनी, तुमच्याकडे ते मशीन आहे ना?"

मशीन म्हणजे लॅपटॉप. मी मॅट्रिक नापास बाई. मुलीने जुना लॅपटॉप दिला, त्यावर बचत गटाची पत्रं टाइप करायला माझी मीच शिकले, एवढंच माझं ज्ञान. तात्यांनी रत्नागिरीला एका मोठ्या कार्यक्रमात पाहिलं होतं, एक माणूस पेन्सिलीएवढा बारीक माईक उभा करून लॅपटॉपवर रेघा बघत होता आणि बघून बघून आवाज लावत होता. त्याच्याकडून यांनी कागदावर तीन सॉफ्टवेअरची नावं लिहून आणली होती. "यातलं एक निवडायचं," म्हणाले, "कान खोटं बोलतो, रेघ नाय बोलत."

आता निवडायचं कसं? एक फुकट होतं, एक विकतचं आणि एक मोबाइलवरचं. मोबाइलवरचं मला सोपं वाटलं, पण तात्या म्हणाले, फोनचा माईक बोलायला केलेला, मोजायला नव्हे. फुकटातलं उतरवलं, तर त्यात इतक्या खिडक्या उघडल्या की कुठली बंद करायची ते कळेना. ते एकदा सूंऽऽ करून खालून वर आवाज सोडायचं आणि मग चित्र काढून दाखवायचं. घरातल्या खोलीला ठीक, पण तात्यांना हवं होतं चालू कार्यक्रमात हलणारं चित्र. ते विकतच्यात होतं. त्याचे चौदा दिवस फुकट वापरायला मिळत होते, त्यातले अकरा दिवस तात्यांनी आणलेला तसलाच बारीक माईक आणि तो जोडायची डबी लॅपटॉपला ओळखीची करून देण्यात गेले. तिघांची ओळख शेवटी कशी झाली, देव जाणे. मी काहीतरी दाबलं, काय ते अजून आठवत नाही. शेवटी त्याचीच लहान आवृत्ती तात्यांनी विकत घेतली.

शिकायचे व्हिडिओ सगळे इंग्रजीत. आमची तऱ्हा अशी की मी एकेक वाक्य ऐकून मोठ्याने म्हणायचे आणि तात्यांनी चित्र बघून त्याचा अर्थ लावायचा. "काय म्हणाला तो?" "फेज म्हणाला." "फेज काय?" "ते नाही म्हणाला." मी म्हणायचे, तात्या, तुम्हीही ऐका की जरा. तर म्हणायचे, "तुमचे उच्चार चांगले आहेत." मी खूश. इतकी खूश की पुढचं काही माझ्या डोक्यात आलंच नाही.

मोजायला एक आवाज सोडावा लागतो, नुसती घशघश, पत्र्यावर धो धो पाणी पडल्यासारखी. शेजारची काकी दोनदा येऊन विचारून गेली, नळ उघडा राहिलाय का. जे कर्ण्याला पाठवलं आणि जे माईकपाशी पोचलं, ते दोन्ही ताडून सॉफ्टवेअर रेघ काढतं, इतकं मला समजलं. रेघ जिथे वर चढेल तिथे आवाज जास्त, खाली जाईल तिथे कमी. आणखी एक रेघ वरच्या बाजूला असायची. वारा सुटला की ती कोसळायची. तिला काहीतरी लांबलचक इंग्रजी नाव आहे. तात्यांनी तिचं नाव भरवशाची रेघ ठेवलं. "ही पडली की खालचं चित्र खरं धरायचं नाय." मला हे पटायचं आणि पाच मिनिटांत विसरायला व्हायचं.

शिमग्यात नमनाच्या दुपारी आम्ही सहाणेपाशी गेलो. लोकांनी सतरंज्या घातल्या होत्या. मी लॅपटॉप घेऊन कर्ण्यांच्या बाजूला बसले, आणि तात्यांनी मोजायचा माईक नेऊन उभा केला तो सहाणेवर, पालखीच्या कडेला, मागच्या देवळाच्या भिंतीला लागून. मी विचारलं, इथे का? म्हणाले, "नमन कोणापुढे? देवापुढे. मग आधी देवाला नीट ऐकू यायला हवं."

मी परत लॅपटॉपपाशी जाऊन बसले.

घशघश सोडली. रेघेला खर्जाच्या जागी ही मोठी टेकडी आली. तात्यांनी खर्ज कमी केला, आणखी कमी केला, टेकडी सपाट केली. वरच्या टोकालाही जे चढलं होतं ते उतरवलं. रेघ आली आमच्या अंगणासारखी सरळ. तात्यांचा चेहरा असा की जसं काही पोराचं लग्न ठरलं. मग दत्तारामाने मृदंगावर थाप मारली आणि वर बघितलं.

"तात्या, माझा मृदंग कुठं गेला?"

"इथे आहे. ये, बघ." आणि त्याला स्क्रीन दाखवली.

"स्क्रीनवर असंल. मला पत्र्याचा डबा वाजवतोय असं वाटतंय."

"कान खोटं..."

"तात्या, माझे कान हायत, भाड्याने आणलेले नायत."

मी उठून बायका बसतात तिथे जाऊन उभी राहिले. डबाच होता. एकदम मनात आलं, व्हिडिओतला तो माणूस माईक भिंतीपासून लांब न्या म्हणत होता, मीच तर ते मोठ्याने म्हटलं होतं. मी सहाणेवर गेले, पालखीला हात जोडले आणि माईक उचलून बायकांच्या सतरंजीवर आणून ठेवला.

"वहिनी, देवापुढून माईक काढलात?"

"देव तक्रार करत नाही. बायका करतात."

रेघ हलली. खर्जाच्या जागी खड्डा पडला. ती टेकडी भिंतीची होती, आमची नव्हतीच. तात्यांनी खर्ज परत दिला, दत्ताराम हसला. रेघ सरळ झाली, भरवशाचीही वर होती. मग झांजा वाजल्या. मला छान लागल्या, सुया नव्हत्या. पण तात्यांचा हात वरच्या पट्टीच्या बटणाकडे गेला आणि तिथेच थांबला.

"वहिनी, झांजा वाजतायत?"

"वाजतायत की."

ते स्क्रीनकडे बघत राहिले. मग दत्तारामाच्या पोरांच्या हाताकडे, झांजा आदळत होत्या तिकडे. परत स्क्रीनकडे.

"मला नाय येत ऐकू," म्हणाले. "रेघ म्हणते आहेत. म्हणजे आहेत."

त्यांनी हात खाली घेतला. तिसऱ्या टाळीपासून मी त्यांच्यासमोर बसले होते आणि मला काही कळलं नव्हतं. त्यांना आधीपासून माहीत होतं का, म्हणूनच हे सगळं मांडलं होतं का, मी विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही.

त्या वर्षी बायका पुढे बसल्या. दुसऱ्या दिवशी दत्ताराम घरी आला, पुढल्या खेपेच्या कामाचा नारळ तात्यांच्या हातात द्यायला. तात्यांनी घेतला नाही. म्हणाले, "रेघ बघून लावता येतं. पण मध्येच माईकने शिट्टी मारली तर ती कुठून आली ते रेघेपेक्षा कानाला आधी कळतं. ते माझ्याकडे उरलं नाय." कर्णे, पेट्या, तो बारीक माईक, सगळं देवळाला देऊन ते डोंबिवलीला मुलाकडे गेले. ते एसटीत चढत होते तेव्हा मी काही बोलले ते त्यांना ऐकू गेलं नाही. मीही परत म्हटलं नाही.

यंदा शिमग्याला दत्तारामाने नारळ माझ्यासमोर धरला. मी म्हटलं, अरे, मला फेज म्हणजे काय ते माहीत नाही. तो म्हणाला, "कोणाला हाय?" मग दुपारी मी बायकांच्या सतरंजीवर माईक ठेवला, घशघश सोडली आणि जमेल तशी रेघ ओढली. ऐकायला बरं वाटत होतं, पण माझा माझ्यावर भरवसा नव्हता. तात्यांना फोन करून उपयोग नाही, म्हणून स्क्रीनचा फोटो काढून पाठवला. लगेच उत्तर आलं: रेघ चारच्या आकड्यापुढे थोडी चढलीय, दोनने उतरवा, खर्जाला हात लावू नका. मी उतरवलं. पुढे बसलेल्या काकीने कानावरचा पदर काढला, तेव्हा मला कळलं की तिने तो घेतला होता.

नमन झाल्यावर लोक येऊन विचारत होते, यंदा आवाज कोणी लावला. मी आधी म्हटलं, मी. मग म्हटलं, तात्यांनी. मग लॅपटॉप मिटून घेतला.