दाताळं

अप्टन झेलर हा आमच्या पलटणीतला सगळ्यात हट्टी माणूस. गावी बायकोबरोबर शेती करायचा, उरलेल्या वेळात लाकडी पिंपं बांधायचा. कुणाची वस्तू जागेवर नसली की त्याचं पित्त खवळायचं. अर्धा तंबू त्याच्या पाठीवर, अर्धा माझ्या, रात्री दोन्ही गुंड्या लावून जोडायचे. म्हणजे त्याचा हट्ट रोज माझ्याच डोक्याशी!

यादवी युद्धाच्या त्या जूनमध्ये आम्ही मेरीलँडमधून उत्तरेला निघालो, आणि अप्टनला हगवण लागली. डॉक्टरच्या निळ्या गोळ्यांनी ती आणखीच वाढली. घडोघडी कुंपणामागे पळायचा, मग धापा टाकत रांग गाठायचा. त्याची बंदूक माझ्या खांद्यावर.

"गाडीत बस ना लेका! डॉक्टर स्वतः सांगतोय."

"उद्या आमच्या गावातून जाणार आपण. मॅलिंडाला निरोप धाडलाय, दारात उभी राहा म्हणून. तिला काय आजाऱ्यांच्या गाडीत आडवा दिसू?"

"मग रस्त्यात मेलेला दिसणार का?"

"चालत दिसणार."

डोकं फिरायचं माझं. पण सकाळी तो माझ्याच फणीने दाढी विंचरायला लागला, तेव्हा शिव्या गिळल्या आणि त्याची पडशीही घेतली.

गावातल्या चर्चचा कळस दिसायला लागला, तेवढ्यात घोडेस्वार हुकूम घेऊन आला. पक्का रस्ता गाड्यांना, पायदळाने डावीकडे शेतातून जायचं. कुठल्या शहाण्याने काढला होता कोण जाणे!

अप्टन मटकन खाली बसला. "टोबी, बसतो मी गाडीत."

मी सार्जंटकडे धावलो. तो म्हणाला, "गाड्या मागे आहेत. थांबायचं तर डॉक्टरची चिठ्ठी आण."

"डॉक्टर पुढे गेलाय!"

"मग चला."

रेंगाळणाऱ्यांना हाकायला मागे आमचेच पहारेकरी संगिनी रोखून उभे. चाललो, दुसरं काय करणार?

झाडांआडून अप्टनच्या घराचं नुसतं धुराडं दिसलं. आम्ही चाललो होतो ते गवताचं शेत त्याचंच. अर्ध्या कापणीत कुणीतरी गवत ओढायचं दाताळं टाकून गेलं होतं.

"बघ, कसं टाकलंय! कुणाच्या पायात घुसलं म्हणजे?" असं पुटपुटत त्याने ते उचललं, कुंपणाला उभं केलं आणि कुंपणालाच धरून ओकला.

संध्याकाळी गाड्या तळावर आल्या. गाडीवान हेन्स ताकाचा बुधला घेऊन आमच्या तंबूशी आला.

"एक बाई एकेका गाडीत डोकावत होती. झेलर आहे का, म्हणे. मी म्हटलं, तो कशाला गाडीत बसतोय? धडधाकट चालतोय! हसली बिचारी. हे दिलंय."

"हसली?" अप्टनने पडल्या पडल्या विचारलं.

"हसली की!"

"मग बरं झालं."

"डोंबलाचं बरं!" मी ओरडलो. इतका संताप मला लढाईतसुद्धा कधी आला नाही. उजाडायच्या आत अप्टन गेला.

पुढची लढाई संपल्यावर बुधला परत द्यायला मी त्या दारात गेलो. मॅलिंडाबाईंनी तो घेतला आणि एप्रनने पुसत बसल्या. मी अडखळत म्हणालो, "बाई, तो चालत होता. पण आम्हाला शेतातून..."

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "सकाळभर मी तिथेच गवत ओढत होते. रस्त्यावर धूळ दिसली, तशी दाताळं टाकून दारात धावले. संध्याकाळी परत गेले, तर ते कुंपणाला उभं होतं, दात आतल्या बाजूला करून. तसं तेच ठेवायचे."