कुठल्या सूर्याच्या आत?

सूर्य मावळायच्या आत राग सोडावा, हे बायबलमधलं सांगणं आमची आई अक्षरशः पाळते. वसईत ते सोपं होतं. इकडे कॅनडात, मिसिसागात हिवाळ्यातला सूर्य चहाच्या वेळेलाच मावळतो, त्यामुळे आई मला भर मीटिंगमध्ये फोन करायची. "माझ्यावर राग आहे का रे? असला तर सोड, अंधार पडतोय." बायकोला तर ती आगाऊच विचारायची. बायको म्हणायची, "आई, आपण अजून भांडलोच नाही!" जूनमध्ये मात्र सूर्य रात्री नऊपर्यंत मावळत नाही. तेव्हा आम्ही सगळे सावकाश, चवीने भांडायचो.

मग एका डिसेंबरात, भल्या पहाटे, आईचं वसईतल्या मावशीशी फोनवर वाजलं. विषय, नाताळच्या करंज्या.

"जायफळ जास्त घालतेस तू," आई म्हणाली.

"कॅनडात जाऊन जीभ गोठलीय तुझी!" मावशी कडाडली. आईने फोन कापला.

उजाडता उजाडता मावशीचाच फोन वाजू लागला. आईने स्क्रीन पाहिली आणि फोन पालथा ठेवला. "आमच्याकडे आत्ता कुठे उगवतोय. दुपारपर्यंत जळू दे तिला!" मी खो खो हसलो.

दुपारी, उजेड असतानाच, आईने नियमाप्रमाणे फोन लावला. मावसभावाने उचलला. मावशी झोपेतच गेली होती.

त्यानंतर आई रोज सकाळी फोनसमोर बसू लागली. "वाजतोय," ती म्हणायची. स्क्रीन काळी असायची. मार्चमध्ये आम्ही घड्याळं तासभर पुढे केली, आणि दुसऱ्या दिवशी आईचा फोनही तासभर उशिरा 'वाजला'. मी गंमत म्हणून मोबाइलवर वसईचा सूर्यास्त पाहिला. इथल्या घड्याळाने बरोबर तीच वेळ. माझ्या हातातला चहा निवून गेला. आईला यातलं काही कळत नाही. मायक्रोवेव्हचं घड्याळसुद्धा मीच लावतो.

"वाजतोय तर उचल ना," मी म्हणालो.

"आणि ती रागातच असली तर?"

तेव्हा मी तिला सांगितलं, की त्या सकाळी आपल्याकडे उगवत होता, तोच सूर्य वसईत मावळत होता. मावशीने तिच्या सूर्याच्या आत फोन केला होता. रागावलेलं माणूस तेवढ्यासाठी फोन करत नाही.

आईने फोनकडे पाहिलं. "मग अजून का करते?"

"तू उचलत नाहीस म्हणून."

दुसऱ्या दिवशी त्या वेळेला आईने पदर सारखा केला, काळा फोन कानाला लावला आणि हळूच म्हणाली, "हं, बोल गं. जायफळ बरोबर होतं तुझं."

ती ऐकत राहिली. अशा प्रसंगी एखादी कोटी केल्याशिवाय मला राहवत नाही, पण तेव्हा जीभ उचललीच नाही.

आईने फोन खाली ठेवला आणि डोळे पुसले.

"काय म्हणाली?"

"म्हणते, थोडं जास्तच झालं होतं."