बाईंच्या मुखपृष्ठाचा रंग

आधीच कबूल करतो. सत्कार समितीनं पास केलेलं मुखपृष्ठ बाईंच्या या गौरवग्रंथावर न्हाई. छापायला जाताना मी बदललं.

मी मंचरात फ्लेक्सच्या दुकानात कामाला हाये. आमच्याकडं वाढदिवस असो नायतर निवडणूक, गिऱ्हाइकानं न सांगताच फोटोतल्या समद्यांना उजळ करायची पद्धत. आमच्या शाळेच्या हांडेबाईंच्या एकसष्टीच्या ग्रंथासाठी त्यांचा फोटो आला तवा समितीचे अध्यक्ष अण्णा खुर्ची ओढून शेजारी बसले. "अजून जरा उजळ. अजून." शेवटी बाईंच्या साडीत भलतीच कोणतरी बसल्यागत दिसाया लागली. अण्णा म्हणले, "आता शोभतंय."

मला काय शोभंना. बाईंची माझी वळखच रंगावरून झाली. आठवीत मी फळ्यावर नुसते दात आन डोळे काढले, खाली लिवलं 'बाई'. पोरं हसून लोळली. बाई आल्या, चित्र नीट बघितलं. "दात छान जमलेत. रंग फळ्याचाच घेतलास, खडू वाचवलास. आता बाही वर कर."

दंड आन मनगट दोन माणसांचं वाटावं.

"हा तुझा कांदे काढतानाचा रंग, काही महिन्यांत उतरेल. माझा उतरणार नाही, तो हजारो पिढ्यांचा आहे. पोटातल्या बाळाला लागणारं एक जीवनसत्त्व कडक उन्हानं नासतं. ज्यांच्या कातडीनं सावली धरली, त्यांची पोरं जास्त जगली. पण हाडांना थोडं ऊन लागतंच. थंड मुलखात ऊनच कमी, तिथं तीच सावली हाडांना नडली. म्हणून तिकडचे लोक पिढ्यान्‌पिढ्या उजळत गेले. ऊन जसं, तसं अंग. यात हसण्यासारखं काय आहे, ते सांग."

मी फळा पुसला. माझ्याच वर्गातली चुलतबहीण रंजी रोज तोंडाला पावडर थापून शाळेत यायची. दुसऱ्या दिवशी ती बिनपावडरीची आली.

दहावीत मी आपटलो तवा बाईच मला या दुकानात घेऊन आल्या. मालकाला म्हणल्या, "अभ्यासात यथातथा आहे, पण हात चांगला आहे. माझं चित्र यानं हुबेहूब काढलं होतं."

त्याच हातानं त्यांना गोरं कसं करू? अण्णा गेले आन मी मूळचा फोटो लावला. मालकाला कळलं तर माझी नोकरी गेली.

बाईंनी शंभरी गाठावी, तब्येत ठणठणीत राहावी, आन पोरांना बाह्या अशाच वर करायला लावाव्यात. अण्णा फोटोपुरतंच चाळत्यात, आतलं वाचत न्हाईत, म्हणून ग्रंथाच्या आतल्या या पानावर लिवलं. त्यांनी विचारलंच, बाई अशा कशा दिसत्यात, तर म्हणा सत्काराच्या हॉलात उजेड कमी हाये. पाया पडतो राव, माझं नाव कुणाला सांगू नका.