कोर्ट उठेपर्यंत

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या चाचांइतका निरुपद्रवी गुन्हेगार दम्मामपासून मक्केपर्यंत शोधून सापडायचा नाही. घरात झुरळ निघालं तर ते त्याला कागदावर घेतात, जिन्यापर्यंत पोचवतात आणि "यल्ला, जा बाबा," म्हणून निरोप देतात. एका कंपनीच्या गोदामात त्यांनी एकतीस वर्षं काढली, पण त्यांचा चढलेला आवाज कुणी ऐकलेला नाही. आणि हाच माणूस नव्या माणसाला ओळख करून देताना, "मी रत्नागिरीकडचा, आणि मला शिक्षा झालेली हाय," असं एका दमात सांगून टाकतो. आमच्या मुलीने एकदा डोळे मोठे करून विचारलं, "अंकल, यू आर अ क्रिमिनल?" चाचा नम्रपणे म्हणाले, "हाँ बेटा. शाम के साढ़े पाँच बजे तक."

त्याचं असं झालं होतं. एकोणीस वर्षांचे असताना त्यांनी आंब्याच्या कलमावर बसलेल्या वांदराला दगड मारला. वांदर जागचा हलला नाही. दगड मात्र पुढे जाऊन रस्त्यात उभ्या असलेल्या सरकारी जीपच्या काचेत शिरला. कोर्टात विचारलं, गुन्हा कबूल आहे का. चाचा म्हणाले, "दगड माझाच साहेब, पण वांदर आमचा नव्हता." दंड झाला, आणि कोर्ट उठेपर्यंत तिथेच बसून राहण्याची शिक्षा. बस, एवढंच. बाकड्यावर बसून ते खिडकीबाहेरचं आंब्याचं झाड बघत राहिले. दुपारी शिपायाने आपल्यातला अर्धा बटाटेवडा दिला. साडेपाचला साहेब उठले आणि चाचा घरी गेले. एवढा निवांत दिवस आपल्याला पुन्हा मिळाला नाही, असं ते आजही म्हणतात.

निवांतपणाची त्यांची हौस मात्र दांडगी. जिन्यात हातात खबूसची रोटी घेऊन, एक पाय वरच्या पायरीवर ठेवून ते दहा-दहा मिनिटं उभे असतात. "काय झालं चाचा?" विचारलं तर म्हणतात, "काय नाय, मोहोर आठवला." शुक्रवारी जुम्म्याची नमाज आटोपली की मी त्यांना गाडीत घालून कतीफला नेतो. तिथल्या खजुरीच्या बागेतून समुद्राकडे जाताना ते एकदम टाळ्या वाजवून "हुर्र्र" करून ओरडतात. पहिल्यांदा बागेचा म्हातारा मालक धावत आला. "बंदर मा फी, सदीक," तो हात हलवून समजावू लागला, इथे माकडं नाहीत म्हणून. "मालूम है," चाचा म्हणाले, "आदत है." म्हाताऱ्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने ओंजळभर खजूर दिला. तेव्हापासून दर शुक्रवारी चाचा ओरडतात आणि तो खजूर देतो. मक्केला उमऱ्याच्या यात्रेला गेले तेव्हा ताइफच्या घाटात त्यांना खरोखरची माकडं दिसली, तर हे गृहस्थ बस थांबवून त्यांना केळी चारत बसले. वैऱ्याचा एवढा पाहुणचार मी दुसरा पाहिला नाही.

अशा माणसाला बंदुकीचा परवाना हवा होता. दोन वर्षांपूर्वी त्यांचे वडील वारले. त्यांच्या नावावर पिकाच्या राखणीसाठीची ठासणीची बंदूक होती. कोकणात बागायतदारांना असे परवाने मिळतात. परवानाधारक गेला की बंदूक पोलीस ठाण्यात जमा होते, आणि वारसाला परवाना मिळाला नाही तर ती कायमची गेली म्हणायची. चाचांचा जीव तिथेच अडकला. "मारायला कोण मागतोय भाऊ?" ते मला म्हणाले. "बाबा छर्रे कधी भरायचेच नाय. नुसती दारू. दुपारी एक बार काढायचे. वांदर पळायचे आणि वाडीतली माणसं जेवायला बसायची. तो आवाज बंद झाला तर आमचं घर बंद झालं असं वाटेल मला."

घोडं अडलं ते अर्जातल्या एका ओळीवर. आपणांस कधी शिक्षा झाली आहे काय? अर्ज माझ्या घरी छापला गेला, त्यामुळे सगळी बिल्डिंग माझ्या हॉलमध्ये जमली. सगळ्यांचं मत एकच, 'नाही' लिहा आणि खलास करा. चाळीस वर्षांपूर्वीची फुटकी काच कोण शोधायला बसलंय? मीही तेच म्हणालो, खोटं कशाला सांगू. चाचा मान हलवत राहिले. "बाबांची बंदूक खोटं लिहून आणू? नाय भाऊ." मग त्यांनी तीन पुरवण्या जोडल्या. त्यात जीपचा रंग होता, वांदराचा आकार होता, आणि शिपायाने वडा दिला त्याबद्दल आभारही होते. मी डोक्याला हात लावला. हा अर्ज काही टिकत नाही, असं मी रात्री बायकोला सांगितलं.

त्याच महिन्यात ते रजा टाकून गावी गेले, पोलीस ठाण्यात चौकशीला बोलावलं होतं म्हणून. परत आल्यावर जिन्यातच त्यांनी मला सगळं सांगितलं. ठाण्यातल्या साहेबांनी पुरवण्या शेवटपर्यंत वाचल्या, मोठ्याने हसले आणि म्हणाले, "चाचा, एवढ्याशा शिक्षेवरून परवाना अडत नाही. इतक्या वर्षांनी तर नाहीच." चाचांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग साहेबांनी सहज विचारलं, "राहता कुठे?"

"दम्मामला."

"वर्षातून गावी किती दिवस?"

"महिनाभर. पण दर वर्षी नाय."

"परवाना राखणीचा आहे. राखण कोण करतं?"

चाचांकडे प्रत्येक प्रश्नाची पुरवणी होती, याची नव्हती. ते म्हणाले, "आमच्या घरातून करतात," म्हणजे चाची. साहेब म्हणाले, "मग त्यांचा अर्ज आणा. तुम्ही ना हरकत लिहून द्या." चाळीस वर्षं ज्या गुन्ह्याची ते कबुली देत आले तो आडवा आलाच नाही. आडवी आली ती दम्मामची नोकरी. "माझं नाव मीच खोडलं भाऊ," असं म्हणून ते वर गेले. त्या दिवशी जिन्यात मोहोर आठवायला थांबले नाहीत.

चाचींना परवाना मिळाला. त्या तिथेच राहतात, कलमं त्याच बघतात, आणि त्यांनी आयुष्यात कुणाची काच फोडलेली नाही. गेल्या शुक्रवारी आम्ही कतीफच्या किनाऱ्यावर बसलो होतो. पाणी अगदी स्वस्थ होतं. चाचांचा फोन वाजला. पलीकडून चाची म्हणाल्या, "कान द्या हां." मग बार झाला. फोनच्या स्पीकरमधून तो केवढासा वाटला, पण चाचांनी डोळे मिटून घेतले.

"गेले?" त्यांनी विचारलं.

"गेले. उद्या परत येतील. ते काय, रोज येतात," चाची म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "तुमी कधी येताव?"

चाचा समुद्राकडे बघत राहिले. "बघतो," म्हणाले आणि फोन खिशात ठेवला. परतताना बागेपाशी ते ओरडले नाहीत. म्हातारा मालक खजूर घेऊन वाट बघत उभा होता, त्याने तो तसाच खिडकीतून दिला. गाडी हमरस्त्याला लागल्यावर चाचा हळूच म्हणाले, "भाऊ, त्या दिवशी कोर्टात साडेपाचला साहेब उठले होते. मग मला सांगितलं, जा आता." मांडीवरचा खजूर त्यांनी खाल्ला नव्हता. "इथे कोण सांगणार?"

मला तरी इथे 'जा आता' म्हणून कुणी सांगितलंय? पुढचा सगळा रस्ता मी गाडी हळू चालवली.