बर्फाचा घाम

आज फ्रीजरमधून बर्फाचा पॅक काढला. ओल्या बोटाचा थेंब त्यावर पडला आणि जागीच गोठला. पॅक बाजूला ठेवून मी थांबले.

घाटंजीकडच्या गावातलं माझं पहिलं लसीकरण आठवलं. पॅकला बाहेरून पाणी सुटलं, घाम फुटला, की मगच त्याच्यासोबत डब्यात लस ठेवायची; नाहीतर ती गोठते. मी घाईत थांबले नव्हते. गावात डबा उघडला, तर कुपीवरचे थेंब मण्यांसारखे कडक आणि आतली लस गोठलेली.

"सुई काहून नाही देऊन राह्यल्या, सिस्टर?" लेकराची मांडी उघडी करून बसलेल्या बाईनं विचारलं.

गोठलेली लस निकामी. पण मुठीत वितळवली असती, तर कुणाला कळलं असतं?

"बर्फाला घाम येऊ दिला नाही. चुकलं माझं."

तिनं मांडी पदरानं झाकली. "उद्या येतो. पन घाम येऊ द्या त्याले."

तेव्हा वाटलं, तिनं माफ केलं. आज कळतं, ती बजावत होती.